मतपत्रिकेची कोरी पाठ

मतपत्रिका पेटीच्या फटीतून आत पडली आणि त्याच क्षणी सुमेधाच्या लक्षात आलं, की कागदाच्या पाठीवर भोकं नव्हती.

बाबा, म्हणजे तिचे सासरे, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे कागदाची घडी करून पडद्याआडून बाहेर आले होते. घडीची पाठ त्यांनी तिच्याकडे वळवून धरली होती. सुमेधानं मान हलवली होती. बाबा जरा थांबले, मग त्यांनी कागद टाकला. डोळ्यांनी जे पाहिलं होतं ते डोक्यापर्यंत पोचायला तिला एवढा वेळ लागला, आणि तोवर ते काळं पत्र्याचं डबडं कागद गिळून बसलं होतं.

"येतो मी," बाबा म्हणाले. "सांभाळून घरी ये. बाहेर धुकं उतरलंय."

"हो बाबा," सुमेधा म्हणाली. आपला आवाज कुठून आला हे तिचं तिलाही कळलं नाही.

हे सगळं घडलं इंग्लंडमधल्या थॉर्पली नावाच्या खेड्यातल्या सभागृहात, दोन हजार तीनच्या नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, संध्याकाळी. काउंटीच्या त्या भागाचा खासदार अचानक वारल्यामुळे पोटनिवडणूक लागली होती. सुमेधा रामटेके एरवी डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या हाउसिंग विभागात कारकून. पण निवडणूक आली की कौन्सिल आपल्याच माणसांना मतदान केंद्रांवर बसवतं. बारा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली नावं खोडल्यावर ह्या वेळी पहिल्यांदा केंद्राची मुख्य खुर्ची तिला मिळाली होती. खुर्ची म्हणजे लाकडी घडीची, बसलं की कुरकुरणारी, पण समोर टेबलाला 'प्रिसायडिंग ऑफिसर' असा कागद चिकटवलेला होता. बाबांनी आल्या आल्या आधी तो कागद वाचला होता आणि मग सुनेकडे पाहिलं होतं.

त्या काळचा नियम असा, की मतपत्रिका मतदाराच्या हातात देण्याआधी अधिकाऱ्यानं ती एका लोखंडी पंचमध्ये घालून दाबायची. कागदावर बारीक भोकांची नक्षी उठायची. ती असली तर मत खरं. नसली तर कागद कोरा समजायचा, मग आत कुणी कितीही ठळक फुली मारलेली असो. म्हणून तर मतदारानं टाकण्याआधी घडीची पाठ अधिकाऱ्याला दाखवायची पद्धत होती. ट्रेनिंगला आलेल्या साहेबानं मुद्दाम सांगितलं होतं, सत्त्याण्णव साली दक्षिणेकडे एका ठिकाणी दोन मतांनी निकाल लागला, आणि न दाबलेल्या कागदांवरून कोर्टानं अख्खी निवडणूक पुन्हा घ्यायला लावली. सगळे हसले होते. सुमेधा हसली नव्हती. ती जात्याच घाबरट. गॅस बंद केला का हे पाहायला बसस्टॉपवरून परत येणाऱ्यातली.

आणि एवढी घाबरट बाई चुकली कशी? तर चूक अशी झाली, की ती उठली.

सकाळी सातपासून तिचे हात यंत्रासारखे चालले होते. शेजारी बसलेल्या पॉलीननं नाव पुकारायचं, खोडायचं, सुमेधानं उजव्या हातानं कागद फाडायचा, डाव्या हाताला ठेवलेल्या पंचमध्ये सरकवायचा, तळव्यानं दाबायचं, पुढे करायचा. पण पॉलीन म्हणाली, "रामटेके, काशीनाथ," आणि समोर सासरे उभे. राखाडी सूट, निळा टाय, हातात टोपी. तेवीस वर्षं सासरे खोलीत आले की सुमेधा उठत आली होती. तशीच ती उठली. कागद फाडला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला, देवघरासमोर काही धरावं तसा. डावा हात पंचकडे गेलाच नाही. पॉलीनचे वडील आले असते तर ती बसल्या बसल्या 'हॅलो डॅड' म्हणाली असती आणि कागद बरोबर दाबला गेला असता.

"तुमचे फादर-इन-लॉ किती स्मार्ट दिसतात," पॉलीन म्हणाली. "नेक्स्ट प्लीज."

पुढची बाई आली. सुमेधानं कागद पंचमध्ये घातला आणि इतक्या जोरात दाबला, की टेबल हललं. वर धरून भोकं पाहिली. परत दाबला.

"मोडलंय का ते?" बाईनं विचारलं.

"नाही नाही. इट्स फाइन."

समोर भिंतीला लागून एका उमेदवाराचा एजंट बसला होता. छातीवर पक्षाचं रोझेट, म्हणजे फितीचं फूल, गुडघ्यावर घोंगडी, हातात थर्मास. सत्तरीतला निवृत्त माणूस. दिवसभर त्यानं कुणाला काही म्हटलं नव्हतं, पण त्याची नजर सगळीकडे फिरत होती. आता त्यानं थर्मासचं झाकण लावलं आणि तो तिच्याकडे बघायला लागला. ह्यानं पाहिलं का? पाहिलं असेल तर बोलत का नाही? मोजणीच्या वेळी बोलायचं म्हणून दाबून धरलंय का?

पेटी उघडायची सोय नव्हती. सकाळी रिकामी दाखवून तिनंच सील लावलं होतं. आता ती मोजणीच्या टेबलावरच उघडणार. तिनं तिथल्या तिथे पॉलीनला सांगायला हवं होतं, केंद्राच्या नोंदवहीत दोन ओळी लिहायला हव्या होत्या. तिनं पेन उचललंही. पण काय लिहायचं? माझे सासरे आले, मी उठले आणि चुकले? एजंट बघत होता. तिनं पेन खाली ठेवलं.

मत गेलं होतं ते बाबांचं, हेच तर जास्त वाईट होतं. दुसऱ्या कुणाचं गेलं असतं तर तिला नुसती भीती वाटली असती. इथे भीतीच्या पोटात आणखी काहीतरी होतं.

काशीनाथ रामटेके भंडाऱ्याजवळच्या एका खेड्यातले. त्यांच्या वडिलांना पहिलं मत मिळालं तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. बावन्न साली बाप आणि मुलगा एकाच रांगेत उभे राहिले. तेव्हापासून बाबांनी एकही मतदान चुकवलं नव्हतं. चौसष्टला लेस्टरला होजिअरीच्या मिलमध्ये आले, तर पहिल्या महिन्यात त्यांनी चौकशी केली ती मतदार यादीची. भारतीय पासपोर्ट त्यांनी अजून सोडला नव्हता, आणि राष्ट्रकुलातले म्हणून त्या पासपोर्टवर इथं मत देता येतं हे कळल्यावर त्यांना भारी आनंद झाला होता. "दीडशे वर्षं राज्य केलं," ते म्हणायचे, "आता आपला खासदार निवडायला मला विचारतात. बरं आहे."

निवृत्त झाल्यावर त्यांना ह्या काउंटीच्या इतिहासाचा नाद लागला. सुमेधाला न्यायला ते कौन्सिलमध्ये येत आणि जिन्यातल्या लाकडी फळ्यासमोर उभे राहत. काउंटीनं पार्लमेंटात पाठवलेल्या माणसांची नावं त्यावर सोनेरी अक्षरात होती, पार तेराव्या शतकापासून. सुरुवातीला दर वेळी दोन नाईट, म्हणजे सरदार. मग शेकडो वर्षं तीच चार-पाच आडनावं, बाप, मुलगा, पुतण्या, जावई.

"ह्याच्यात एक तरी शेतमजूर सापडतो का पाहा," ते नातीला म्हणत. "मजुराला नुसतं मत मिळायला इथं अठराशे चौऱ्याऐंशी उजाडलं. तुझ्यासारख्या पोरींना त्याच्याही नंतर. आणि आधी मत कसं द्यायचे, माहीत आहे? भर चौकात चढून, मोठ्यानं नाव घेऊन. खाली जमीनदाराचा कारकून बसलेला. कोणी कोणाला मत दिलं त्याची पुस्तकं छापून विकायचे. दुसऱ्या दिवशी माणूस घराबाहेर. मग पेटी आली, पडदा आला. पडदा आला तेव्हा माणूस भ्यायचा थांबला."

"आजोबा, तो पडदा नाय," अक्षरा म्हणे. ती सतराची, इथेच जन्मलेली. "ते फक्त प्लायवूड आहे, लाइक, चार स्क्रू."

"चार स्क्रूच लागतात बेटा," बाबा म्हणत.

अशा माणसाचं मत सुमेधानं घालवलं होतं.

मतदान संपलं, पेटी गेली, ती घरी आली तेव्हा बाबा झोपले होते. नवरा इंद्रजित हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळीला. तिनं त्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "एका मतानं काय होतंय? झोप तू." ती झोपली नाही. डोळे मिटले की पेटीची फट दिसायची. एका मतानं निकाल लागला तर? कोर्ट, वर्तमानपत्रं, 'भारतीय महिला अधिकाऱ्यानं सासऱ्याला कोरी मतपत्रिका दिली', फोटो. त्या फळ्यावर चुकीचं नाव कायमचं सोन्यात लिहिलं जाईल, आणि ते तिनं लिहिलेलं असेल.

मोजणी शुक्रवारी सकाळी होती, कारण मतदारसंघ पसरलेला आणि पेट्या लांबून यायच्या. शहरातल्या लेझर सेंटरच्या, म्हणजे क्रीडासंकुलाच्या, बॅडमिंटन हॉलमध्ये टेबलं मांडली होती. सुमेधा मोजणीलाही होतीच. ड्यूटी लावतानाच तिनं हो म्हटलं होतं, आता नाही म्हणायला कारण नव्हतं. शेजारच्या पोहण्याच्या तलावाच्या क्लोरिनचा वास, पायाखाली कोर्टाच्या रंगीत रेघा, आणि टेबलांच्या पलीकडे माना लांब करून उभे असलेले एजंट. थर्मासवाला तिथेही होता. त्यानं तिला पाहून हात वर केला. ओळखीचा, की आणखी कसला, हे तिला समजेना. तिनं हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

थॉर्पलीची पेटी तिच्या टेबलावर आली नाही, तीन टेबलं सोडून पलीकडे उघडली गेली. सुमेधा समोरचे कागद मोजत होती आणि कान तिकडे होते. कागद ओतल्याचा आवाज आला. कुणी ओरडलं नाही. थोड्या वेळानं तिथल्या मुलीनं हात वर केला, पर्यवेक्षक आला, एक कागद उचलून संशयित कागदांच्या ट्रेमध्ये ठेवला आणि निघून गेला. एवढंच. सुमेधानं आपला गठ्ठा चुकला म्हणून परत पहिल्यापासून मोजला.

दुपारपर्यंत हॉलमधली कुजबुज वाढली. दोन उमेदवारांमध्ये फरक फारच थोडा होता. किती ते कुणी सांगेना. एजंट कोपऱ्यात घोळका करून बोलत होते. मग रिटर्निंग ऑफिसरचे डेप्युटी मिस्टर अ‍ॅलन संशयित कागदांचा ट्रे घेऊन मधल्या टेबलाशी उभे राहिले. एकेक कागद दोन्ही बाजूंच्या एजंटांना दाखवायचे, आणि निर्णय. दोन फुल्या मारलेले. नाव लिहिलेले. एकावर कुणीतरी शिवी लिहिली होती, तो दाखवताना मिस्टर अ‍ॅलन खोकले.

"नो ऑफिशियल मार्क," ते म्हणाले. "तीन कागद."

तीन! म्हणजे काउंटीत आणखी दोन ठिकाणी कुणाचे हात चुकले होते. की तिचेच? नाही, बाबांच्या आधी आणि नंतर प्रत्येक कागद... पण आधीचे तिनं कुठे वर धरून पाहिले होते?

मिस्टर अ‍ॅलननी पहिला कागद धरला. ती पाच-सहा पावलांवर होती. कागद उलटला की फुली दिसणार होती. बाबा फुली कशी मारतात हे तिला ठाऊक होतं. कॅलेंडरवर मारतात तशी, मोठी, चौकटीभर, दोन्ही रेघा शांतपणे ओढलेल्या. एकदा पाहिलं तर निदान कळेल, कुणाचं मत गेलं, कुणाचं नुकसान झालं. तिनं मान उचलली. मग तिला वाटलं, की आधीच एक गोष्ट आपण त्यांची घेतली आहे. तिनं मान खाली घातली आणि तिन्ही कागदांवर 'रिजेक्टेड'चा शिक्का बसेपर्यंत समोरच्या रबरबँडकडे बघत राहिली.

फेरमोजणी झाली. त्या दोन तासांत तिनं किती वेळा प्रार्थना केली, आणि कुणाची, हे तिलाच माहीत. घरात बुद्धाची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेब, आणि ती आपली जो कोणी ऐकेल त्याला विनवत होती, फरक राहू दे, मोठा राहू दे. शेवटी मिस्टर अ‍ॅलन माइकपाशी गेले. फरक निघाला तीस-चाळीस मतांचा. टाळ्या वाजल्या, हरलेला उमेदवार जिंकलेल्याशी हात मिळवून गेला. कोर्ट नाही, पेपर नाही. सुमेधा बॅडमिंटनच्या नेटच्या खांबाला धरून उभी राहिली.

हॉल रिकामा होत आला तशी ती मिस्टर अ‍ॅलनकडे गेली. सगळी भीती संपल्यावर बोलणं सोपं होतं, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

"त्या तीन कागदांतला एक माझ्या स्टेशनचा होता. चूक माझी. मी लगेच लिहायला हवं होतं."

मिस्टर अ‍ॅलननी तिच्या खांद्यावर थोपटलं. ते दमलेले होते आणि मनानं चांगले होते. "अहो, प्रत्येक इलेक्शनला होतं. फरक कुठे पडला? घरी जा, झोपा."

घरी जाताना बसमध्ये ते वाक्य तिच्या मनातून जाईना. फरक पडला नाही. नवरा म्हणाला होता तेच साहेब म्हणाले होते, आणि दोघंही खरं बोलत होते. पण बाबांसमोर उभं राहून हे म्हणता येणार नव्हतं. बस थॉर्पलीला पोचूच नये असं तिला वाटत होतं. कोर्टाची भीती ह्यापुढे काहीच नव्हती.

बाबा पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते. ती आत येताच त्यांनी रेडिओ बंद केला.

"निकाल ऐकला," ते म्हणाले. "दमली तू. बस."

सुमेधा बसली नाही. कोट न काढता उभीच राहिली. "बाबा, तुमचं मत बाद झालं. मी तुमचा कागद दाबलाच नाही. माझ्या हातून झालं."



"माहीत आहे मला," बाबा म्हणाले.

"रेडिओवर सांगितलं?"

"रेडिओवर काय सांगतात? मला तिथंच दिसलं. घडी घालताना मी पाठ पाहतो ना. नेहमी पाहतो. सफाचट होती."

सुमेधाला आधी समजलंच नाही. "तुम्ही पाहिलंत? आणि टाकलंत?"

"तुला दाखवलं. म्हटलं, तुझ्या लक्षात येईल. तू मान हलवली."

"मग बोलायचं होतं ना बाबा!" तिचा आवाज चढला. तेवीस वर्षांत ती सासऱ्यांशी अशी बोलली नव्हती. "दुसरा कागद मिळतो. नियम आहे तसा. एक शब्द बोलला असतात तर मी लगेच दिला असता!"

"तो फुलवाला बसला होता, थर्मास घेऊन. मागं सहा-सात लोक उभे. मी म्हणालो असतो, मॅडम, ह्याच्यावर मार्क नाही, तर तो उठून आला असता. वहीत तुझं नाव चढलं असतं. सून आणि सासरा, दोघं एकाच आडनावाचे, काय समजले असते? त्या खुर्चीत आपलं माणूस पहिल्यांदा बसून राहिलं होतं." गुडघ्यावरचा हात त्यांनी उलटा करून पाहिला, परत पालथा ठेवला. "मी भ्यालो, सुमेधा."

सुमेधानं कोटाची बाही मुठीत धरली.

"बावन्न साली आमच्या शाळेच्या दारात पाटलाची माणसं काठ्या घेऊन बसली होती. माझा बाप त्यांच्यातून सरळ आत गेला, मी त्याच्या मागं. नाही भ्यालो. आणि इथं, ह्या वयात, एका म्हाताऱ्याच्या थर्मासला भ्यालो. घालवलं मत."

"माझ्यासाठी," सुमेधा म्हणाली आणि रडायला लागली. मोठ्यानं, कोटाच्या बाहीत तोंड खुपसून, पोरीसारखी.

"काहून रडते? रडू नको." बाबांचा स्वरही धड नव्हता. "पुढच्या वेळी मी आलो, की उठू नको."

"सवय आहे बाबा."

"मोड ती."

पुढची वेळ म्हणजे दीड-दोन वर्षं. बाबा ऐंशीला टेकले होते, आणि वसंतापासून त्यांना जिना चढताना मध्ये थांबावं लागत होतं. सुमेधानं डोळे पुसले, कोट काढला आणि चहा ठेवायला म्हणून ती वळली.

"तू बस," बाबा म्हणाले. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले आणि हळूहळू स्वयंपाकघरात गेले.

सुमेधा बसली. आत त्यांनी नळ सोडला, किटली ओट्यावर आपटली. एक कपाट उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. साखर कुठे असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. गॅसशेजारच्या निळ्या डब्यात, असं सांगायला तिनं तोंड उघडलं, गुडघेही आपोआप सरळ व्हायला लागले. मग तिनं खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ती बसून राहिली.